नावातली दुरुस्ती

माझं आडनाव कोरे, आणि पहिली नोकरी
कोरे फॉर्म वाटायची, केगावच्या केंद्रात.
तेव्हा इथे विद्यापीठ नव्हतं, त्याची सावली होती;
झाड लांब, कोल्हापुरात.
चार खोल्या, एक रांजण, काळ्या रानात बाभळी.
एप्रिलात रजिस्टर उघडलं की
तव्यावर हात ठेवल्यासारखं व्हायचं.

गावातले दोस्त विचारायचे,
‘तिकडं रानात दिवसभर काय करालास बे?’
टपाल, म्हणायचो मी.
सोमवारी गेलेला अर्ज पंधरवड्यानं परत यायचा,
वर लाल शाईत: ‘त्रुटी आहे.’
कुठली, ते लिहिलेलं नसायचं.

एकदा म्याकलांची नरसम्मा आली.
घरात तेलुगू, शेजारात कन्नड, आणि एम.ए. मराठीत.
खिडकीतून गुणपत्रिका आत सरकवली.
दुसरा वर्ग. नाव छापलेलं: म्याकल नरसप्पा.
हसली. म्हणाली, ‘आईला वाचून दाखवलं, सर.
ती म्हणली, पोरगा झालास की गं!
मग आता विड्या कोण वळणार?’

मीही हसलो. अर्ज भरून दिला.
टपालानं होणार नाही म्हटलं, स्वतः जा.
तिनं चार दिवस हजाराच्या वर पाचशे वळल्या,
तिकिटाचे जमवले.
मंगळवेढा, सांगोला, मिरज, रात्रभर एसटीत
मांडीवर पिशवी, पिशवीत तो नरसप्पा.
खिडकी क्रमांक चार. ‘उद्या या.’
रात्री स्टँडवर झोपली.
दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर.
हे तिनं सांगितलं नाही मला,
तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. ती पुन्हा आलीच नाही.

मग गिरण्या बंद पडल्या.
ज्या भोंग्यावर माझी आई डाळ शिजायला टाकायची
तो वाजेनासा झाला,
आणि बरीच वर्षं शहराला
नक्की किती वाजले ते कळत नव्हतं.
त्याच काळात मोर्चे, निवेदनं, कोपऱ्यावरच्या सभा:
आमचं विद्यापीठ आम्हाला द्या.
कुणीतरी म्हणालं, एका जिल्ह्याचं विद्यापीठ?
त्यापेक्षा झेडपीतच एक टेबल टाका.

दोन हजार चारच्या ऑगस्टात पाटी बदलली.
पेढे आले, फेटे आले, भाषणं झाली.
आम्ही मात्र त्याच खुर्च्यांवर,
फक्त लेटरहेड नवं, त्याला गोंदाचा वास.

आवराआवरीत एक पत्र्याची ट्रंक निघाली.
आत जुन्या याद्यांच्या कार्बन प्रती,
कडा उंदरांनी खाल्लेल्या.
तीनशे बारा नंबरला म्याकल. आणि पुढे
‘म्मा’ नव्हता.
निळ्या कार्बनमध्ये, ठसठशीत, पोट फुगवून बसलेला ‘प्पा’.
माझ्या हातचा.
कोल्हापूरनं फक्त मी लिहिलेलं छापलं होतं.

शोधत गेलो. विडी घरकुलात सापडली,
दारात सूप, सुपात तेंदूची पानं,
भिंतीला टेकून पोरांची शिकवणी चाललेली.
म्हटलं, आता आपलं विद्यापीठ झालंय, तीन दिवसांत करून देतो.
ती म्हणाली, ‘माझी परीक्षा त्यांची होती ना, सर?
मग दुरुस्तीपण त्यांचीच.’
बरोबर होतं. नियम मला ठाऊक असायला हवा होता.

मग मी रजा टाकली.
मंगळवेढा, सांगोला, मिरज.
मांडीवर पिशवी.
खिडकी क्रमांक चार आता सहा झाली होती.
आतल्या पोरानं कागद उलटसुलट केले, विचारलं,
‘तुम्ही उमेदवाराचे कोण?’

पूर्ण एक मिनिट सुचलं नाही.
मागे रांग चुळबुळायला लागली.
‘अक्षर माझं आहे,’ म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
‘उद्या या.’

स्टँडवरचा बाक अरुंद होता.
झोप लागेना, म्हणून ओठांनीच घोकत राहिलो,
म्मा, प्पा, म्मा, प्पा.
दोन्हीला ओठ मिटतातच.